चौऱ्याऐंशी टाके

विणकाम करणाऱ्या बाईला "काय करता?" असं कुणी विचारत नाही. हातातल्या सुया नि मांडीवरचा लोकरीचा गोळा बघून तेवढं कुणालाही समजतं. तिला विचारतात, "कुणासाठी?"

हा प्रश्न दुसऱ्या कुठल्याही कलावंताच्या वाट्याला येत नाही. गवई पहाटे उठून घसा घासत बसला तर शेजारी खिडक्या लावून घेतात, पण "कुणासाठी चाललंय?" म्हणून विचारायला येत नाहीत. कविता करणाऱ्याला तर मुद्दामच विचारत नाहीत. न जाणो, "तुमच्यासाठीच" म्हणून तो वही उघडायचा! विणणाऱ्या बाईला मात्र बसच्या रांगेत, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, मंगल कार्यालयात, कुठंही आणि कुणीही हा प्रश्न विचारू शकतं. मंगल कार्यालयात तर आवाज जरा खाली आणून, "सुनेला कितवा?" अशी पुढची पायरीही गाठतात.

एकदा पुण्याहून मुंबईला जाताना समोरच्या बाकावरच्या बाईंना मी खरं काय ते सांगितलं, "अजून ठरलं नाही." लोणावळ्यापासून कर्जतपर्यंत बाई माझ्याकडे संशयानं बघत होत्या. शेवटी त्यांच्यानं राहवेना. "अहो, पण मग माप कुणाचं घेतलंत?"

बाईंचं बरोबर होतं. साडी विणणाऱ्याला नेसणारी माहीत असावी लागत नाही. सहा वार कापड लठ्ठ-बारीक सगळ्यांना सांभाळून घेतं. स्वेटरचं तसं नाही. पहिली ओळ घालायच्या आधी छाती किती, लांबी किती, बाही किती हे ठरलेलं असावं लागतं. पाकिटावर पत्ता आधी लिहायचा नि पत्र मागाहून, असा तो प्रकार आहे. आमच्या सासूबाईंना कुणी "अंदाजानं विणा हो, घरचंच आहे" असं म्हटलं की त्या चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "अंदाजानं विणायला माणूस म्हणजे काय उशी आहे?"

सासूबाईंकडे मी येणारच आहे. पण त्याआधी माझ्या गेल्या वर्षीच्या कामगिरीचा हिशेब देते, म्हणजे 'कुणासाठी' ह्या प्रश्नानं मला किती छळलंय ते ध्यानात येईल. भाचीला टोरांटोत मुलगी झाली, तिच्यासाठी टोपडं, झबलं नि मोजे विणले. पार्सल पोचेपर्यंत कन्येचे पाय मोज्यांच्या पुढं निघून गेले होते. भाचीनं फोटो पाठवला, त्यात माझे मोजे एका कापसाच्या अस्वलाच्या पायांत होते. अस्वल खूश दिसत होतं. धाकट्या दिरांच्या नव्या ब्लॉकसाठी क्रोशाचं तोरण केलं. त्यांच्या दाराला बाहेरून आणखी एक जाळीचं दार आहे. त्यामुळे तोरण दोन दारांच्या मध्ये लागलं आणि ते आता फक्त कुरियरवाल्याला दिसतं. टीव्हीवर घालायला एक सुंदर रुमाल केला होता, कडेला कमळं. पूर्वीच्या टीव्हीला डोकं असायचं, त्यावर रुमाल, रुमालावर फुलदाणी असा थाट असायचा. हल्लीच्या टीव्हीला डोकंच राहिलेलं नाही. (मी यंत्राबद्दल बोलतेय, कार्यक्रमांबद्दल नव्हे.)

क्रोशा नि विणकाम ह्यांत फरक आहे तो हाच. क्रोशाला माप लागतं ते वस्तूचं, माणसाचं नव्हे. एक आकड्याची सुई, एक दोरा; साखळी, खांब, मुका खांब. 'मुका खांब' हे नाव ज्या बाईनं दिलं तिच्या घरी माणसं किती होती हे मला कळायला हवं होतं. क्रोशा करता करता भाजी निवडणाऱ्या बाईशी बोलता येतं, कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. दोन सुयांवर विणताना मात्र शिट्ट्या आणि टाके ह्यांची हमखास अदलाबदल होते. आमच्याकडे वरण कधी कधी सात शिट्ट्यांचं असतं ते त्यामुळे.

आणि हे सगळं बघून लोक दुसरा प्रश्न विचारतात, "वेळ छान जात असेल नाही?"

ह्या प्रश्नावर माझं डोकं तापतं. आंध्रात गोदावरीच्या मुखाशी नरसापूर म्हणून गाव आहे. तिथल्या नि आसपासच्या खेड्यांतल्या बायका क्रोशाची लेस करतात. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या मिशनरी बायकांनी तिथं सुई नेली आणि मग ती लेस देशोदेशी गेली. मारिया मीस नावाच्या जर्मन विदुषीनं ह्या बायकांवर १९८२ साली एक पुस्तक लिहिलं. त्यातली मुख्य गोष्ट आपल्या कुठल्याही आजीला सांगता आली असती : ह्या बायका दिवसाचे तासन्‌तास लेस करत होत्या, परदेशी माल पाठवणारे त्यावर श्रीमंत होत होते, आणि बायकांची गणना मात्र 'घरी बसलेल्या' अशी होत होती. काम म्हणजे पुरुष करतात ते. बायका करतात तो फावल्या वेळचा उद्योग! २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे गावाच्या नावाला किंमत आली. बोटांची किंमत कोण करतो? तरी गंमत बघा. मोजे विणायचं यंत्र विल्यम ली नावाच्या इंग्लिश पाद्र्यानं १५८९ सालीच काढलं, पण खरा क्रोशा करणारं यंत्र कारखान्यात अजून लागलेलं नाही. दुकानात टांगलेला क्रोशाचा झगा कुठल्या तरी बाईच्या बोटांतूनच आलेला असतो. तिचा वेळ छानच गेला असणार!

हे सगळं आठवायला कारण झालं गेल्या वर्षीची, म्हणजे २०२५ ची, गणपतीच्या आधीची साफसफाई.

सासूबाई २०२३ च्या जानेवारीत गेल्या. त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. आदल्या दिवाळीच्या सुमारास न्हाणीघरात पडल्या, उजवा हात मोडला, नि त्यानंतर सुया हातात आल्या नाहीत. त्यांच्या मागं वन्संनी त्यांच्या पातळांच्या वाटण्या केल्या, पोथ्या देवळात दिल्या, नि विणकामाची पिशवी कुणीतरी माळ्यावर टाकली. ती अडीच वर्षांनी गणपतीची आरास शोधताना खाली आली.

पिशवीत चिंतामणी रंगाची लोकर. खरी लोकर, कॅशमिलॉनला सासूबाई 'प्लॅस्टिकचं लोणचं' म्हणत. त्या लोकरीचे चार गोळे, आणि सुयांवर एक पाठ. अकरा नंबरवर दोन इंचांची बॉर्डर, मग नऊ नंबरवर आठ इंच सुलट-उलट. सुईवरचे टाके मोजले. चौऱ्याऐंशी.

हे शेजारी उभे होते. म्हणाले, "चौऱ्याऐंशी लक्ष योनी."

पुरुषांना अशा वेळी असलंच काही तरी सुचतं. मी हिशेब केला. सासूबाईंचा हात घट्ट. त्यांच्या विणीत इंचाला नेमके सहा टाके. चौऱ्याऐंशी भागिले सहा, चौदा इंच पाठ. पुढचे चौदा मिळवले की घेर अठ्ठावीस. त्यातले दोन इंच सैलपणाचे काढले की उरली छाती सव्वीस. म्हणजे सात-आठ वर्षांचं मूल.

आता पंचाईत अशी, की २०२२ साली आमच्या सबंध खानदानात सात-आठ वर्षांचं मूल नव्हतं. नातू तेव्हा कॉलेजात होता, नि वन्संची नात पाळण्यात. मी सासूबाईंची मापांची वही काढली. ह्या वहीत सगळ्या गोतावळ्याच्या छात्या तारीखवार नोंदलेल्या आहेत. ह्यांची १९७४ सालची छाती नि आजचं पोट ह्यांची तुलना मी कधी कधी विरंगुळा म्हणून करते. शेवटच्या पानावर लिहिलं होतं : 'छा. २६, लां. १७, बा. १३. रागलन. हाच रंग हवा म्हणते.' नाव नाही.

'रागलन' म्हणजे रॅग्लन बाही. लॉर्ड रॅग्लनचा उजवा हात १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत गेला नि त्याच्या नावाची बाही जगभर झाली. सासूबाईंना हे एकदा सांगितलं तर म्हणाल्या, "हात नाही त्याच्या नावाची बाही? सरकारी काम दिसतंय." असो. 'हवा म्हणते'वरून एवढंच कळलं, की ती मुलगी आहे नि तिला मत आहे.

त्या रात्री घरात परिषद भरली. ह्यांचं म्हणणं, "राहू दे तसंच." बँकेत छत्तीस वर्षं काढल्यामुळे कुठलीही फाईल तशीच राहू देण्याकडे ह्यांचा कल असतो. पण ह्या वेळी आवाज निराळा होता, म्हणून मी काही बोलले नाही. वन्सं नाशिकहून फोनवर म्हणाल्या, "वहिनी, सुईला हात लावू नकोस. आईचा शेवटचा टाका आहे तो." बंगलोरहून मुलगा म्हणाला, "फ्रेम करू या. हॉलमध्ये मस्त दिसेल." सूनबाई सरळ आहे. ती म्हणाली, "आई, तुम्हाला येतं ना? मग पुरा करून टाका." शेजारच्या काकूंचं मत पडलं, की गेलेल्या माणसाचं अर्धं काम घरात ठेवू नये, जीव अडकतो. काकूंचा स्वतःचा जीव पंचवीस वर्षं चार अर्धवट टेबलक्लॉथांत अडकलेला आहे, पण ते सोडा.

तासभर चर्चा झाली. आईचा हात, आईची आठवण, आईचा शेवटचा टाका. ज्या मुलीसाठी ते विणलं जात होतं तिचा विषय कुणी काढला नाही. 'कुणासाठी?' म्हणून जगाला जो प्रश्न पडतो, तो नेमका आमच्याच घरी कुणाला पडेना.

उत्तर चौथ्या दिवशी कपड्यांचा गठ्ठा घेऊन दारात आलं. आमच्या इस्त्रीवाल्याची टपरी सोसायटीच्या फाटकाशी आहे. गडी मूळचा उत्तर प्रदेशातला, पण पंधरा वर्षं इथं. पिशवी दारातच होती. ती बघून तो म्हणाला, "ये तो माताजी का है."

"तुम्हाला काय माहीत?"

"बेबी का नाप लिया था ना माताजी ने. गॅलरी में खडा कर के. दो बार लिया."

मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत? तो कपडे मोजत होता. मोजता मोजताच म्हणाला, "माताजी तो चली गयीं. किस से बोलते?"

घरात आम्ही दोघं धडधाकट होतो. दर दोन दिवसांनी त्याच्याकडून कपडे घेत होतो, एखादा खमीस कमी आला तर खाली उतरून विचारत होतो. आणि हा म्हणतो, किस से बोलते.

संध्याकाळी मुलीला बोलावलं. महापालिकेच्या शाळेत पाचवीत आहे. मराठी आपल्यासारखं, किंबहुना माझ्या नातवापेक्षा बरं. तिला पाठ दाखवली. तिनं हात न लावता बघितली.

"आजी म्हणाल्या होत्या दिवाळीपर्यंत होईल."

"मग?"

"मग दिवाळी झाली," ती म्हणाली.

तक्रार नव्हती. वेळापत्रक सांगितल्यासारखं तिनं ते सांगितलं.

ती गेल्यावर मी ह्यांना विचारलं, सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची देणी कोणकोणती होती? बँकेतला माणूस, तोंडपाठ होतं सगळं. भाजीवालीचे ऐंशी रुपये, भिशीचा हप्ता, वाचनालयाची दोन पुस्तकं नि त्यांचा दंड. तेराव्याच्या आत सगळं चुकतं केलं होतं. भाजीवाली नको नको म्हणत असताना ह्यांनी तिला पैसे दिले होते, आईच्या जिवाला घोर नको म्हणून. मग ह्या मुलीचं देणं त्या यादीत का नव्हतं?

ह्यांनी थोडा विचार केला. "ते देणं कुठं? ते आईचं विणकाम."

बघा! ऐंशी रुपयांच्या मेथी-कोथिंबिरीला देणं म्हणायचं, आणि एका मुलीला दोनदा गॅलरीत उभं करून, टेप लावून, रंग विचारून, तारीख सांगून दिलेला शब्द, तो मात्र आईचा छंद. लोकरीत दिलेला शब्द शब्दच नाही, कारण लोकर म्हणजे फावला वेळ. नरसापूरच्या बायकांची मजुरी ज्या हिशेबात बसत नाही, त्याच हिशेबात सासूबाईंचं वचनही बसलं नाही. मी हे जरा जोरात बोलले असावे, कारण शेजारच्या काकूंचा दिवा लागला.

आता मेलेल्या माणसाचं वचन जिवंतांनी पाळायचं का, हा काही साधा प्रश्न नाही. कान्ट नावाचे जर्मन तत्त्ववेत्ते होऊन गेले. वचनाच्या बाबतीत फार कडक. त्यांचं म्हणणं, सोयीसाठी खोटं वचन द्यायचा नियम सगळ्यांनीच केला, तर वचन ह्या गोष्टीला अर्थच राहणार नाही. हे कान्टसाहेब पायमोज्यांच्या बाबतीतही कडक होते. गेटीस बांधले तर रक्ताभिसरण अडतं, म्हणून त्यांनी मोजे वर धरायला स्प्रिंगची एक खास योजना स्वतःपुरती केली होती, असं त्यांच्याबरोबर राहिलेल्या माणसांनी लिहून ठेवलंय. मोज्याचा इतका मुळापासून विचार केलेल्या माणसाला आमच्या स्वेटरचा प्रश्न घालायला हरकत नव्हती. पण अडचण अशी, की वचन देणाऱ्याला ते बांधतं. देणाराच उरला नाही तर कुणाला धरायचं? इस्त्रीवाल्यानं तेच विचारलं होतं, फक्त हिंदीत.

आपल्याकडे ह्याचं उत्तर जर्मनांच्या फार आधीच देऊन ठेवलंय. कैकेयीला शब्द दिला दशरथानं आणि पाळला रामानं. ह्याचं कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो. मीही करते. पण घरातली बाई म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते : शब्द दिला सासऱ्यानं आणि चौदा वर्षं चूल मांडली सुनेनं! तिला तर कुणी विचारलंही नव्हतं. तेव्हा ह्या देशात सासरच्या माणसांचे शब्द पुरे करायची पद्धत सुनांना नवी नाही. फरक इतकाच, की मला वनवासाऐवजी नऊ नंबरच्या सुया आल्या.

ठरलं. आता नुसतं पुढं विणायचं. पण मुलीचं माप घेतलं नि पुढचा पेच पडला. मुलगी थांबलेली नव्हती. छाती एकोणतीस. वाढत्या अंगाचा म्हणून घेर बत्तीसचा धरायला हवा, म्हणजे पाठ सोळा इंच, म्हणजे शहाण्णव टाके. चौऱ्याऐंशी टाक्यांची पाठ तिला होणार नाही. तिला व्हावी म्हणून ती आजी ज्या दिवाळीचं बोलली होती, त्याच दिवाळीपर्यंत मुलीनं थांबायला हवं होतं.

दोन वाटा होत्या. सासूबाईंचे टाके आहेत तसे ठेवायचे, मग त्यांचा शब्द जातो. किंवा त्यांचा शब्द ठेवायचा, मग टाके उसवायला लागतात. मी मनातल्या मनात फार उलटसुलट केलं. (विणणाऱ्या बाईला ह्याहून दुसरं येतं काय?) त्याच लोकरीचा नवा स्वेटर करावा नि ती पाठ बाजूला ठेवावी, तर लोकर पुरत नव्हती. तुळशीबागेच्या आसपास चार दुकानं फिरले. चिंतामणी रंग होता, पण लॉट वेगळा. विणणाऱ्या बायकांना लॉट म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, तोच रंग पुन्हा रंगवला की तो तोच राहत नाही. दुकानात वाटतो सारखा, उन्हात गेला की जावेसारखा वेगळा दिसतो.

वन्संना फोन केला. म्हटलं, उसवणार आहे. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाल्या, "तिला नवा स्वेटर विकत आणून दे ना, वहिनी. चांगल्यातला आण. पैसे मी देते."

वन्सं मनानं मोठ्या आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. मुलीला थंडी वाजू नये एवढाच मुद्दा असता तर मी तेच केलं असतं. बाजारात चारशे रुपयांत ऊब मिळते. पण मुलीला ऊब देईन असं सासूबाईंनी म्हटलं नव्हतं. 'तुझ्या मापाचं, तुला हव्या त्या रंगाचं, मी विणून देईन' असं म्हटलं होतं. ह्यातला 'मी' आता शक्य नाही. उरलेलं शक्य आहे. शक्य तेवढंही न करता बदली वस्तू दिली, तर ती भेट होईल, आणि भेट घेणाऱ्यानं आभार मानायचे असतात. देणं फेडलं की कुणी कुणाचे आभार मानत नाही. त्या मुलीनं माझे आभार मानावेत हे मला मुळीच नको होतं.

वन्संना हे पटलं असं मी म्हणणार नाही. त्या म्हणाल्या, "तू वर्ग घेतेस." पण फोन ठेवताना, "दुखवू नकोस गं लोकर," एवढं म्हणाल्या.

उसवायला बसले तो रविवार होता. विणकामासारखं दुसरं काम नाही. कापलेलं कापड परत अखंड होत नाही, शिजलेली डाळ परत डब्यात जात नाही. विणलेलं मात्र पहिल्या टाक्यापर्यंत परत जातं, आणि जाताना किती भराभरा जातं! सुई काढली, टोक धरलं नि ओढलं. ओळीमागून ओळ टकटक सुटत गेली. ह्यांना समोर बसवलं होतं, लडी धरायला. दोन्ही हात पुढं करून, पोलीस बेड्या घालायला येतायत अशा पवित्र्यात. आमचे मामंजी सासूबाईंपुढं असेच बसायचे, म्हणून हे काम ह्या घराण्यातल्या पुरुषांना न शिकवता येतं.

"किती ओळी?" ह्यांनी विचारलं.

"इंचाला आठ. आठ इंच."

"चौसष्ट. गुणिले चौऱ्याऐंशी." हे पुटपुटले. "पाच हजार तीनशे शहात्तर."

मग काही बोलले नाहीत. वीस मिनिटांत पाच हजार तीनशे शहात्तर टाके ह्यांच्या हातांवर येऊन बसले. उसवलेली लोकर सरळ नसते. ज्या टाक्यात ती होती त्याचं वळण धरून राहते, कुरळ्या केसांसारखी. हे त्या कुरळ्या लोकरीकडे बघत होते. मी दुसरीकडे बघितलं.

ग्रीकांची एक पेनेलोपी होती. तीही उसवायची. नवरा लढाईहून परतला नव्हता, घरात मागणी घालणारे ठाण मांडून बसलेले. तिनं सांगितलं, सासऱ्यांसाठी कफनाचं वस्त्र विणतेय, ते झालं की लग्न करीन. दिवसा मागावर विणायची नि रात्री उसवायची, असं तीन वर्षं. दिलेला शब्द पाळायला लागू नये म्हणून ती उसवत होती. मी उसवत होते ती पाळता यावा म्हणून. दोघींच्याही कामात सासर होतंच.

आठ इंच उसवले नि बॉर्डरपाशी आले तिथं थांबले. ह्यात भावनेचा भाग नव्हता असं मी म्हणत नाही, पण मुख्य कारण शास्त्राचं. बॉर्डर संपली की पुढच्या ओळीत टाके वाढवायचेच असतात. चौऱ्याऐंशीत बारा वाढवले की शहाण्णव होतात. दर सातव्या टाक्याला एक, हिशेब तंतोतंत बसतो. शिवाय बॉर्डर नेहमी घट्ट हाताचीच हवी, नाहीतर दोन धुण्यांत स्वेटरचा परकर होतो. माझा हात सैल, सासूबाईंचा घट्ट. तीस वर्षं ह्यावरून मी बोलणी खाल्ली. आता खाली त्यांचा हात नि वर माझा, अशी पाठ फार चांगली बसेल. वन्संना हे कळवलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. पण ह्याला कुणी उत्तर म्हणू नये. तो तोडगा आहे. पाच हजार तीनशे शहात्तर टाके गेले ते गेलेच.

लडी चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात भिजवली. न पिळता गॅलरीत टांगली, खाली वजनाला एक चमचा अडकवला. सकाळपर्यंत वळण बरंचसं गेलं. सगळं जात नाही. वाढीव लोकर मोतिया रंगाची आणली. लॉट जुळत नाही तर उघडपणे वेगळाच रंग बरा. त्याच्या बाह्या होतील. मुलीला दाखवलं. मोतिया रंग तिनं मंजूर केला, पण तोंड जरा वाकडं करून.

"आणि खिसे?" ती म्हणाली.

"कसले खिसे?"

"मी आजींना सांगितलं होतं. दोन खिसे. त्या हो म्हणाल्या होत्या."

वहीत खिशांचा उल्लेख नाही. ह्यांचं मत असं, की लेखी पुराव्याशिवाय दावा मान्य करू नये, पोरगी संधी साधून घेतेय. मला तसं वाटत नाही. वाटलं तरी उपयोग नाही, विचारायचं कुणाला? सासूबाई सहसा कुणाला चटकन हो म्हणत नसत. पण ज्या बाईनं दोनदा माप घेतलं, ती खिशांना नाही म्हणाली असेल असंही वाटत नाही.

सध्या पाठ बगलेपर्यंत आली आहे. खिशांसाठी चिंतामणी लोकर उरते का ते पुढचा भाग झाल्यावर कळेल. उरली नाही तर खिसे मोतिया. मुलगी शाळेतून येता-जाता गॅलरीखाली उभी राहते नि वर बघते. कालच समोरच्या इमारतीतल्या बाईंनी वाटेत विचारलं, "काय सुंदर रंग आहे हो! कुणासाठी?"

मी नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, "आपल्याकडे ह्या नावाचं कोण?"